रूप बदलले की औषध बदलते

सांगलीच्या बाजारात हळकुंडाचा भाव ठरतो तो रंग, वाळवण आणि पॉलिश पाहून. औषधाच्या दुकानात त्याच हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात आणि त्यांच्या डबीवर ‘95 टक्के कुरकुमिन’ असे छापलेले असते. जाहिरात या दोन वस्तूंची पुण्याई एकमेकींच्या खात्यात जमा करून टाकते. हळद शतकानुशतके आपल्या पोटात जाते आहे, तिने कोणाचे वाईट केले नाही, म्हणून कॅप्सूलही निर्धोक. आणि कॅप्सूलमधल्या द्रव्यावर प्रयोगशाळांत ढीगभर संशोधन झाले आहे, म्हणून रात्रीचे हळद-दूधही गुणकारी. दोन्ही विधाने ऐकायला सरळ वाटतात आणि दोन्हींत एकच चूक आहे. औषधाचा गुण एकट्या रेणूत नसतो. रेणू कोणत्या रूपात, किती आणि कोणत्या वाटेने शरीरात जातो यावर तो ठरतो. औषधनिर्माणशास्त्रात याला डोसेज फॉर्म म्हणतात आणि कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय असो वा सांगलीचे आप्पासाहेब बिरनाळे महाविद्यालय, तिथल्या विद्यार्थ्यांची सुरुवात याच विषयाने होते. कृष्णाकाठच्या वाचकाला तो समजावून घ्यायचा तर हळदीइतके सोयीचे उदाहरण नाही. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने ‘फुले स्वरूपा’सारखा वाण दिला, आणि आता या भागात हळकुंडाऐवजी अर्क विकण्याची भाषा होऊ लागली आहे. तेव्हा हळकुंडापासून कॅप्सूलपर्यंत जाताना नेमके काय काय बदलते, हे पाहायला हवे.

आधी साध्या गोळीत काय असते ते पाहू. थायरॉईडच्या विकारावर 50 मायक्रोग्रॅमची गोळी दिली जाते. म्हणजे एक ग्रॅम औषधात अशा 20,000 गोळ्या होतात. एवढीशी भुकटी ना बोटांत धरता येईल, ना घरच्या कोणत्या मापात मोजता येईल. म्हणून तिला लॅक्टोज किंवा सेल्युलोजसारखा भराव देऊन हाताळण्याजोगी करतात, स्टार्चसारख्या द्रव्याने ती बांधतात, पोटात गेल्यावर पाणी लागताच गोळी फुटावी म्हणून फुगणारे द्रव्य घालतात, आणि यंत्राच्या साच्याला ती चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेटची किंचित मात्रा मिसळतात. हे सगळे मिश्रण इतके एकजीव व्हावे लागते की पहिल्या आणि शेवटच्या गोळीत औषध सारखेच निघाले पाहिजे. सिरपची युक्ती वेगळी. साध्या सिरपमध्ये वजनाने दोन तृतीयांश साखर असते. ती कडूपणा झाकते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जंतूंना वाढायला मोकळे पाणीच ठेवत नाही. जे औषध पाण्यात विरघळत नाही ते बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवावे लागते. त्या बाटलीवर ‘हलवून घ्या’ असे लिहिलेले असते ते उगाच नाही. न हलवता औषध देत गेले तर वरचे चमचे फिके आणि तळाचे जहाल होतात, आणि तापाने फणफणलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कमी, शेवटच्या दिवशी जास्त औषध मिळते.

मार्गाचेही तसेच. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते गिळले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाईल, म्हणून ते टोचावे लागते. उसाच्या फडात साप चावलेल्या मजुराला दिले जाणारे प्रतिसर्पविष हेही प्रथिनच. ते थेट शिरेतून द्यावे लागते आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत टिकून पोहोचावे म्हणून गोठवून, त्यातले पाणी काढून, कोरड्या भुकटीच्या रूपात कुपीत भरलेले असते. हृदयशूळावरची नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात, कारण तिथून ती यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरते. गिळली तर यकृत तिचा मोठा भाग वाटेतच निकामी करते. काही गोळ्यांवर असे आवरण असते की ते जठरातल्या आम्लात टिकते आणि आतड्यात गेल्यावरच विरघळते. काही गोळ्या औषध बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सोडतील अशा घडवलेल्या असतात. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली अशी गोळी गिळायला मोठी वाटते म्हणून कुटून दिली, तर दिवसभराचा डोस एकदमच अंगात जातो. रेणू तोच, मिलिग्रॅम तेवढेच, पण परिणाम विषबाधेचा.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. भराव, डिंक, साखर ही तर निष्क्रिय द्रव्ये. त्यांनी एवढा काय फरक पडणार? याचे उत्तर इतिहासाने दोनदा स्पष्ट दिले आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अपस्माराच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला भराव बदलण्यात आला. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले. औषधाची मात्रा एका मिलिग्रॅमनेही वाढली नव्हती. तरीही वर्षानुवर्षे तोच डोस नीट घेणारे रुग्ण झोकांड्या खाऊ लागले, त्यांच्या रक्तातले औषध विषारी पातळीवर गेले. जुन्या भरावासोबत औषधाचा काही भाग शोषलाच जात नव्हता. नव्या भरावाने ती अडवणूक संपली. दुसरा दाखला 1937चा, अमेरिकेतला. सल्फानिलामाइड हे जंतुनाशक गोळीच्या रूपात बिनघोर वापरले जात होते. मुलांना देता यावे म्हणून एका कंपनीने त्याचे द्रवरूप काढले आणि विरघळवण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल वापरले. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक लहान मुले होती. औषध निर्दोष होते, मारक ठरले ते रूप. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे बंधनकारक झाले. याच डायइथिलीन ग्लायकॉलने 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा बळी घेतला. तिथे ते भेसळीच्या ग्लिसरीनमधून आले होते आणि त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली.

आता हळदीकडे येऊ. वाळलेल्या हळदीत कुरकुमिन साधारण तीन ते पाच टक्के असते. उरलेल्यात बहुतांश स्टार्च, शिवाय तंतू, तेले आणि थोडे पाणी. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र बऱ्यापैकी उतरते. फोडणीचे तेल पिवळे होते ते याचमुळे. सामू या मापाची ओळख शेतकऱ्याला माती परीक्षणातून असते. रक्ताच्या जवळपास, म्हणजे 7.2 सामूच्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला ठेवलेले नव्वद टक्क्यांच्या आसपास कुरकुमिन अर्ध्या तासात मोडते, असे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. प्रकाशातही ते विटते. जे थोडे आतड्याच्या भिंतीतून पार होते, त्याला आतडे आणि यकृत लगेच साखरेसारखा एक रेणू जोडून बाहेर टाकण्याच्या वाटेला लावतात. म्हणजे विरघळणे, टिकणे, भिंत ओलांडणे आणि यकृतातून सहीसलामत सुटणे या चारही परीक्षांत हा रेणू नापास होतो. परीक्षानळीत पेशींवर थेंबभर टाकले की जे घडते ते चमचाभर हळद खाल्ल्यावर घडेलच असे का मानता येत नाही, त्याचे कारण हे आहे. जखमेवर हळद दाबण्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे ती रक्तात पोहोचण्याची गरजच नसते. हळदीच्या याच वापरावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. तो विजय आपल्या पारंपरिक ज्ञानाचा होता यात शंका नाही, पण तो जखमेवरच्या हळदीचा होता. सांधेदुखीवरच्या कॅप्सूलला त्यातून कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही.

हळद-मिरी-दुधाची चर्चा ज्या अभ्यासामुळे जगभर गेली तो बंगळूरचा, 1998चा. सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना 2 ग्रॅम कुरकुमिन दिले; रक्तात ते नाममात्र सापडले किंवा सापडलेच नाही. सोबत मिरीतले 20 मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर शोषण वीस पट झाले. हा वीस पटींचा आकडा प्रत्येक डबीवर झळकतो. त्याच्यापुढे दोन हिशेब मांडले पाहिजेत. पहिला, वीस पट कशाच्या? मूळ आकडा शून्याला चिकटलेला असेल तर त्याच्या वीस पटही फार मोठे होत नाहीत. दुसरा, 2 ग्रॅम कुरकुमिन म्हणजे चार टक्क्यांच्या हळदीची 50 ग्रॅम पूड. दुधाच्या पेल्यात आपण घालतो ती दीड ग्रॅम, म्हणजे साठेक मिलिग्रॅम कुरकुमिन. 20 मिलिग्रॅम पायपेरिनसाठी मात्र अर्ध्या ग्रॅमच्या आत मिरी पुरते, आठ-दहा दाणे. म्हणजे मिरीची मात्रा घरात सहज जमते, हळदीची जमत नाही. प्रयोगातली कॅप्सूल आणि घरातले दूध यांत तीसपटीहून अधिक अंतर आहे. त्यामुळे त्या अभ्यासाचा निष्कर्ष दुधाच्या पेल्यात ओतता येत नाही. दूध वाईट आहे असा याचा अर्थ नाही. त्यात ऊब आहे, चव आहे, सवय आहे, झोपेपूर्वीचा निवांतपणा आहे. पण त्यातले कुरकुमिन मोजून घेतलेले औषध आहे, या दाव्याला आधार नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो अभिमानाच्या जागेवरून येतो. आयुर्वेदाला हे सगळे ठाऊक होते, असे म्हटले जाते. यातला बराच भाग खरा आहे, आणि तो या प्रकरणातल्या युक्तिवादाच्या बाजूनेच बोलतो. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच मूळ कल्पना आयुर्वेद मानतो. एकाच वनस्पतीचा रस, चटणी, काढा आणि गार किंवा गरम पाण्यातला अर्क ही वेगवेगळी औषधे आहेत, हे त्यामागचे तत्त्व. शार्ङ्गधर संहिता याच्याही पुढे जाते. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी घटते, गुटिका आणि अवलेह वर्षभर टिकतात, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे वनस्पती एकच असली तरी रूपागणिक तिची मुदत निराळी, हे तिथे नोंदलेले आहे. अंगावर पित्त उठल्यावर दिल्या जाणाऱ्या हरिद्राखंडात हळदीबरोबर तूप, दूध, साखर आणि त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी असते. स्नेहात विरघळणाऱ्या द्रव्यासाठी तूप आणि शोषणाला मदत करणारे पायपेरिन मिरी-पिंपळीतून, ही सांगड आजच्या फार्मसीच्या विद्यार्थ्यालाही पटेल. पण निरीक्षण आणि मोजमाप यांत फरक असतो. हरिद्राखंडाची रचना सुजाण निरीक्षणाची साक्ष देते. रक्तात किती कुरकुमिन गेले, किती वेळ टिकले, सोबत घेतलेल्या दुसऱ्या औषधाचे काय झाले, याचे उत्तर त्या रचनेत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. परंपरेचा खरा मान राखायचा तर तिने सुचवलेला प्रश्न मोजून पाहायला हवा.

असे मोजून पाहिल्याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. त्रिकटू इतक्या योगांत का असते, या प्रश्नाचा माग 1970च्या दशकाच्या अखेरीपासून जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि पायपेरिन इतर औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवते हे दाखवले. पुढे त्याच संस्थेने कॅडिला फार्मास्युटिकल्सबरोबर क्षयरोगावरचे ‘रिसोरिन’ हे औषध घडवले. ते 2009 मध्ये बाजारात आले. त्यात 10 मिलिग्रॅम पायपेरिन घातल्यामुळे रिफॅम्पिसिनची नेहमीची 450 मिलिग्रॅमची मात्रा 200 वर आणता आली. प्रश्न परंपरेने दिला, उत्तर प्रयोगशाळेने शोधले आणि रुग्णांवरच्या चाचणीने ते तपासले.

मात्र पायपेरिन हे काही हळदीचे किंवा रिफॅम्पिसिनचे खास मित्र नाही. ते यकृतातली आणि आतड्यातली औषध मोडणारी विकरे मंदावते, आणि विकरांना समोर कोणते औषध आहे याची निवड करता येत नाही. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांची रक्तातली पातळीही त्याने वाढल्याचे दिसले आहे. त्यामुळे अपस्माराची गोळी घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने हळद-मिरीची कॅप्सूल सुरू केली तर ऑस्ट्रेलियातल्या त्या रुग्णांच्या वाटेने जाण्याचा धोका तो पत्करतो. याहून गंभीर पुरावा अलीकडचा आहे. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने हळदीच्या पूरक उत्पादनांशी संबंधित दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत मिरीचे पायपेरिनही होते. अशा घटना दुर्मीळ आहेत आणि त्यावरून आमटीतल्या हळदीला घाबरण्याचे काहीच कारण नाही. उलट त्यातून हेच कळते की आमटीतल्या हळदीचा निर्धोकपणा आमटीपुरता होता. ती शोषली जात नव्हती हा तिचा दोष मानला गेला; तेच कदाचित तिचे संरक्षणही होते. शोषण वाढवले की गुणाबरोबर दोषाचीही वाट मोकळी होते.

मग रूप सुधारत गेले, मेदकणांत कुरकुमिन बांधले, नॅनोकण केले, की प्रश्न सुटेल का? रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने 2017 मध्ये या रेणूवरच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला. कुरकुमिन अस्थिर आहे, अनेक चाचण्यांत ते प्रत्यक्ष परिणामाशिवायच सकारात्मक संकेत देते, आणि काटेकोर चाचण्यांत त्याचे मोठे यश दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर वाद झाला. गुडघेदुखीसारख्या बाबतीत काही लहान चाचण्यांनी थोडा आराम दाखवलाही आहे. पण तो आढावा एक मर्यादा अचूक दाखवतो. चांगले रूप रेणूतला गुण योग्य जागी पोहोचवते. नसलेला गुण ते निर्माण करू शकत नाही. त्यामुळे रूपाचे महत्त्व सांगणे म्हणजे प्रत्येक नव्या महागड्या रूपाची तरफदारी करणे असे समजू नये.

तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे. रूप इतके निर्णायक असेल, भराव बदलल्याने विषबाधा होत असेल, तर जेनेरिक औषधांवर विश्वास कसा ठेवायचा? रेणू तोच, पण कारखाना वेगळा आणि भरावही वेगळा. उत्तर असे की हा फरक मोजता येतो आणि मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. निरोगी स्वयंसेवकांना मूळ औषध आणि जेनेरिक पाळीपाळीने देऊन रक्तातली सर्वोच्च पातळी आणि एकूण शोषण तपासतात. दोन्हींच्या गुणोत्तराचा 90 टक्के विश्वासाचा पट्टा 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. याचा अर्थ औषध वीस टक्के कमी असले तरी चालते असा काढला जातो, तो चुकीचा आहे. सगळा पट्टाच मर्यादेत बसायचा तर प्रत्यक्ष सरासरी शंभराच्या बरीच जवळ असावी लागते. भारतात एप्रिल 2017 पासून, कमी विरघळणाऱ्या औषधांच्या, म्हणजे शास्त्रीय वर्गीकरणातल्या दुसऱ्या आणि चौथ्या वर्गाच्या, तोंडावाटे घ्यायच्या जेनेरिकांना ही तपासणी सक्तीची झाली. ज्या वर्गात रूपाने सर्वाधिक फरक पडतो नेमका तोच वर्ग नियमाने निवडला. कुरकुमिनची विद्राव्यता पाहता ते याच गटात मोडते. पण त्याच्या कॅप्सूल बहुधा पूरक आहार म्हणून विकल्या जातात आणि मग ही परीक्षा त्यांना द्यावी लागत नाही. जेनेरिक गोळीकडे संशयाने आणि हळदीच्या कॅप्सूलकडे विश्वासाने पाहणारा ग्राहक पुराव्याच्या उलट बाजूला उभा असतो.

रूपात साठवणही येते, आणि हे सांगली-हरिपूरच्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. जमिनीत खोदलेल्या पेवांत हळकुंडे भरून तोंड बंद केले की आतली हवा कोंडते, प्राणवायू घटतो, किडीला जगता येत नाही आणि रंग टिकतो. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही तेही याच कारणाने. 2005च्या महापुराने यातली बरीच पेवे निकामी केली. पण हळकुंडाला जे पेव पुरते ते पुडीला पुरत नाही, कारण दळल्यावर हवेला आणि उजेडाला सामोरा येणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. गोळीच्या पट्टीचे ॲल्युमिनियम, तपकिरी बाटली, आतली ओलावा शोषणारी पुडी हे औषधाच्या रूपाचेच भाग आहेत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर आणि पाचशेच्या आसपास पावसावर भागवणारे माण किंवा जत याच भागात आहेत. एकच पट्टी दोन्हीकडे मुदतीपर्यंत टिकली पाहिजे. महिन्याच्या गोळ्या पट्टीतून सोडवून प्लॅस्टिकच्या डबीत एकत्र ठेवणारा रुग्ण कारखान्याने दिलेली ती हमी स्वतःच्या हाताने काढून टाकतो.

या सगळ्यातून वाचकाच्या हाती तीन प्रश्न यावेत. जो गुण सांगितला जातो आहे तो नेमक्या याच रूपावर तपासला आहे का? या रूपातून किती औषध आत जाते आणि ते कोणी मोजले? आणि हे रूप घेतल्याने आधीपासून चालू असलेल्या औषधांचे काय होईल? तिसऱ्याचे उत्तर डॉक्टर किंवा फार्मासिस्ट देऊ शकतात, पण त्यासाठी आपण घरगुती म्हणून घेतो ती कॅप्सूलही त्यांना सांगावी लागते. आणि हळकुंडाऐवजी अर्क विकू पाहणाऱ्या कृष्णाकाठच्या उद्योगालाही हेच प्रश्न लागू आहेत. डबीवरचे ‘95 टक्के’ कोणालाही छापता येतात. आपल्या रूपातून किती कुरकुमिन रक्तात पोहोचते, ते कोणत्या दुखण्यावर उपयोगी पडते आणि कोणाला देऊ नये, हे चाचणी करून सांगणारा उत्पादकच हळदीला औषध म्हणण्याचा हक्क कमावेल. तोवर ती उत्तम मसाला आहे, आणि मसाला म्हणून तिला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.